डॉकिंग शिकताना: प्रोटीन साफ करण्यापासून प्रयोगशाळेच्या दारापर्यंत

पुण्यात बी.फार्म., एम.फार्म. किंवा बायोइन्फर्मॅटिक्सचा प्रोजेक्ट करणाऱ्या बहुतेकांची संगणकावरच्या औषधशोधाशी पहिली गाठ पडते ती डॉकिंगमधून. प्रोटीनच्या एखाद्या खळग्यात लहान रेणू कसा बसेल हे संगणकाकडून आजमावून घ्यायचं आणि त्या बसण्याला एक आकडा मिळवायचा, असं हे काम. साध्या लॅपटॉपवर, फुकटच्या सॉफ्टवेअरवर ते एका दिवसात होतं. अडचण अशी की आकडा नेहमीच मिळतो. प्रोटीन अर्धवट असलं, रेणू चुकीचा काढलेला असला, शोधाची पेटी भलतीकडेच ठेवली असली, तरी सॉफ्टवेअर बिनतक्रार उणे आठ-नऊ असं काहीतरी छापून मोकळं होतं. म्हणून इथे डॉकिंग चालवण्याबद्दल थोडं आणि ते तपासण्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

उदाहरण म्हणून एचआयव्हीचं प्रोटिएज हे एन्झाइम आणि त्याला अडवणारं इंडिनाव्हिर हे औषध घेऊ. इंडिनाव्हिरला अमेरिकेत मार्च १९९६ मध्ये मंजुरी मिळाली. प्रोटीनची त्रिमिती रचना समोर ठेवून औषध घडवण्याचं हे गाजलेलं उदाहरण आहे. भोसरीत १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था म्हणून सुरू झालेली संस्था असल्यामुळे पुण्याला हा विषय परकाही नाही. पण खरं कारण वेगळं आहे. नवशिक्यांच्या जवळपास सगळ्या ठरावीक चुका या एका रचनेत भेटतात.

यंत्र आणि सॉफ्टवेअर

चार कोअर आणि ८ जीबी रॅम असलेला लॅपटॉप पुरतो. ऑटोडॉक व्हिना (डॉकिंगचं फुकट सॉफ्टवेअर, पुढे नुसतं व्हिना) प्रोसेसरवर चालतं, ग्राफिक्स कार्ड वापरत नाही. त्यामुळे डॉकिंगसाठी म्हणून घरच्यांकडून गेमिंग लॅपटॉप उकळू नका. ग्राफिक्स कार्डाची गरज पुढे मॉलिक्युलर डायनॅमिक्सला, म्हणजे रेणूंची हालचाल क्षणाक्षणाने चालवून पाहायला, लागते, तेव्हाचं तेव्हा पाहू.

विंडोज असेल तर त्यातच डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) सुरू करून उबुंटू टाका. लक्षात ठेवा, डब्ल्यूएसएल आपणहून मशीनची निम्मीच रॅम वापरतं. उबुंटूत मिनीकोंडा बसवून या कामासाठी स्वतंत्र एन्व्हायर्नमेंट करा आणि कोंडा-फोर्ज चॅनेलवरून व्हिना, मीको (व्हिनासाठी फाइली तयार करायला), आरडीकिट आणि ओपन बॅबल (रेणू तयार करायला आणि फाइलींचं स्वरूप बदलायला) आणि पायमॉलची मुक्त आवृत्ती घ्या. रेणू बघायला पायमॉलऐवजी कायमेरा-एक्स आवडत असेल तर तेही चालेल.

विंडोजवर सगळ्यात जास्त वेळ खाणाऱ्या गोष्टी अगदी क्षुल्लक असतात. फोल्डरच्या नावात जागा सोडलेली असणं किंवा ते मराठीत असणं, ही पहिली. वनड्राइव्हने फाइल ढगात नेऊन ठेवणं, ही दुसरी. तिसरी म्हणजे नोटपॅडमध्ये सेटिंगची फाइल जतन केल्यावर तिच्यामागे आणखी एक टीएक्सटी शेपूट लागणं. विंडोज ते शेपूट लपवतं, व्हिना म्हणतं फाइल सापडत नाही, आणि दुपार जाते. फाइलींची शेपटं दिसतील असं सेटिंग पहिल्याच दिवशी करा.

रचना उतरवा, आणि उघडून वाचा

प्रोटीन डेटा बँकेच्या संकेतस्थळावर एक-एच-एस-जी असा चार अक्षरी कोड टाका. इंडिनाव्हिर बसलेल्या प्रोटिएजची ही रचना आहे, रिझोल्यूशन सुमारे २ अँगस्ट्रॉम (अणूंच्या मापाचं एकक; आकडा लहान तितकी रचना स्पष्ट). नव्या माणसाने २.५ अँगस्ट्रॉमपेक्षा ढोबळ रचना घेऊ नये. शिवाय रचनेच्या पानावर बसलेल्या रेणूची गुणवत्ता दाखवणारा भाग असतो, तो न चुकता पाहावा. रचना एकूण चांगली पण औषधाच्या जागी इलेक्ट्रॉन घनता (तिथे अणू असल्याचा प्रयोगातला पुरावा) अगदीच विरळ, असंही असतं. मग ज्याला आपण बरोबर उत्तर म्हणणार तेच संशयास्पद ठरतं.

फाइल आधी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. हे बहुतेक जण करत नाहीत आणि पुढे अडतात. ॲटम या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी प्रोटीनच्या, हेटॲटमने सुरू होणाऱ्या ओळी पाणी, क्षार आणि औषधाच्या. या फाइलीत ए आणि बी अशा दोन साखळ्या दिसतील, प्रत्येकी ९९ अमिनो आम्लांच्या, दोन्हींचे क्रमांक १ ते ९९. म्हणजे "२५ क्रमांकाचं ॲस्पार्टेट" म्हटलं की ती दोन असतात. शेवटाकडे एम-के-वन नावाच्या ओळी आहेत, तेच इंडिनाव्हिर. हायड्रोजन सोडून त्याचे ४५ अणू आहेत. ओळी मोजून पाहा. कमी भरल्या तर रेणूचा एखादा भाग प्रयोगात दिसलेलाच नाही असा अर्थ. दुप्पट भरल्या तर एकाच रेणूच्या दोन स्थिती नोंदलेल्या आहेत आणि त्यातली एक तुम्हाला निवडावी लागणार.

प्रोटीन तयार करणं

बऱ्याच धड्यांत पहिली सूचना असते: ए साखळी ठेवा, बाकी काढून टाका. कित्येक प्रोटीनांत ते चालतं, कारण दुसरी साखळी ही स्फटिकातली नुसती नक्कल असते. इथे तसं केलंत तर सगळंच बिघडलं. प्रोटिएजचा खळगा दोन साखळ्या जवळ येऊनच तयार होतो. प्रत्येक साखळी एकेक ॲस्पार्टेट-२५ देते आणि वरून दोन्हींची झडप खळग्यावर येते. बी साखळी उडवली की अर्धा खळगा गेला. भरीस भर, या फाइलीत औषधही बी साखळीच्याच नावावर नोंदलेलं आहे, तेही गेलं. राहिलेल्या अर्ध्यातही व्हिना आकडा देईलच. तेव्हा साखळी काढण्याआधी पायमॉलमध्ये औषधापासून ५ अँगस्ट्रॉमच्या आत कोणकोणत्या साखळ्यांचे अणू येतात ते बघा.

दुसरी सूचना असते सगळं पाणी काढण्याची. खळग्याबाहेरचं पाणी खुशाल काढा. पण इथे ३०८ क्रमांकाचा एक पाण्याचा रेणू दोन्ही झडपांच्या आयसोल्युसिन-५० ला आणि औषधाला एकाच वेळी हायड्रोजन बंधांनी धरून आहे. तो ठेवून एकदा आणि काढून एकदा, असं दोनदा डॉकिंग करा आणि दोन्ही निकाल लिहून ठेवा. सर्वसाधारण नियम असा: पाण्याचे प्रोटीनशी दोन-तीन भक्कम बंध असतील आणि त्याच प्रोटीनच्या वेगवेगळ्या रचनांमध्ये ते त्याच जागी दिसत असेल तर ते ठेवण्याचा विचार करावा.

तिसरी गोष्ट हायड्रोजन. २ अँगस्ट्रॉमच्या रचनेत हायड्रोजन दिसत नाहीत, ते आपण बसवायचे असतात. हिस्टिडिनवर हायड्रोजन कोणत्या नायट्रोजनवर जाईल आणि आम्ल गटांवर प्रोटॉन असेल की नाही, हे प्रोपका किंवा पीडीबी-टू-पीक्यूआर यांसारखी साधनं अंदाजाने ठरवतात. प्रोटिएजची दोन ॲस्पार्टेट-२५ इतकी जवळ आहेत की औषध बसलेलं असताना साधारणपणे त्यांतल्या एकावर प्रोटॉन असतो असं मानतात. साधन आपल्या मनाने दोन्ही उघडी ठेवू शकतं. खळग्यातल्या प्रत्येक हिस्टिडिन, ॲस्पार्टेट आणि ग्लुटामेटकडे स्वतः पाहा. ती दहा मिनिटं वसूल होतात.

त्यानंतर मीकोच्या रिसेप्टर तयार करणाऱ्या आज्ञेने पीडीबीक्यूटी फाइल (व्हिनाला लागणारं स्वरूप) करा. एखाद्या अमिनो आम्लाचे अणू गहाळ असतील तर मीको थांबतं आणि तक्रार करतं. तसली आम्लं वगळून पुढे जाण्याची सोय आज्ञेत आहे, पण डोळे मिटून ती वापरू नका. वगळलेलं आम्ल खळग्यातलं असेल तर तिथे नसलेली पोकळी तयार होते आणि रेणू आनंदाने त्यात घुसतो.

रेणू तयार करणं

रेणू पबकेम किंवा केंबल या डेटाबेसमधून घ्या, आणि मुक्त रूपातला घ्या. इंडिनाव्हिर औषध म्हणून सल्फेट क्षाराच्या रूपात मिळतं. क्षाराची नोंद उतरवलीत तर फाइलीत औषधासोबत सल्फ्युरिक आम्लही येईल.

इंडिनाव्हिरमध्ये पाच कायरल केंद्रं (जिथे गटांची मांडणी उजवी किंवा डावी असू शकते असे अणू) आहेत, म्हणजे कागदावर ३२ रूपं. त्यातलं औषध एकच. स्माइल्स या एका ओळीच्या लिखाणात कायरल खुणा नसतील तर त्रिमिती रूप करताना सॉफ्टवेअर ३२ पैकी कुठलंही उचलेल. स्माइल्समध्ये ॲट-चिन्हं आहेत का ते बघा. नसतील तर ती नोंद सोडून दुसरी शोधा.

नंतर आरडीकिटने हायड्रोजन घालून त्रिमिती रूप तयार करा, ऊर्जा कमी करून घ्या आणि एसडीएफ फाइलीत जतन करा. पीडीबी स्वरूपात जतन करू नका. त्यात दुहेरी-एकेरी बंध नीट टिकत नाहीत, मग ॲरोमॅटिक कडं सपाट राहत नाही. शरीराच्या ७.४ पीएचला अमाइनवर प्रोटॉन असतो, कार्बोक्सिलवर नसतो. ओपन बॅबल हे ठरावीक नियमांनी करतं आणि पिपरॅझिनसारख्या गटांत ते चुकू शकतं. व्हिना विद्युतभार मोजत नाही हे खरं, पण अणू हायड्रोजन देणारा आहे की घेणारा यावरून गुण देतं, त्यामुळे ही चूक आकड्यात उतरतेच.

मीकोने रेणूची पीडीबीक्यूटी केल्यावर तिची शेवटची ओळ वाचा. फिरू शकणाऱ्या बंधांची संख्या तिथे असते. इंडिनाव्हिरला ती चौदाच्या आसपास भरते, आणि ही संख्या बरीच मोठी आहे. दहा-बाराच्या पुढे गेलं की शोध दमतो आणि दर वेळी वेगळं उत्तर येऊ लागतं. कड्यांचा आकार मात्र व्हिना बदलत नाही. पिपरॅझिनचं कडं तुम्ही ज्या आकारात दिलं त्याच आकारात ते शेवटपर्यंत राहणार.

पेटी

व्हिना शोध घेतं तो एका आयताकृती पेटीत. तिचं केंद्र म्हणजे बसलेल्या औषधाच्या सगळ्या अणूंच्या निर्देशांकांची सरासरी. इंटरनेटवरून कोणाचे आकडे उचलू नका. तुम्ही प्रोटीन हलवलं किंवा फिरवलं असेल तर ते लागू पडत नाहीत. पेटीची बाजू औषधाच्या लांबीपेक्षा ८ ते १० अँगस्ट्रॉमने मोठी ठेवा. इथे २४ ते २६ योग्य आहे. तिन्ही बाजूंचा गुणाकार २७,००० घन अँगस्ट्रॉमच्या पुढे गेला, म्हणजे ३० × ३० × ३० पेक्षा पेटी मोठी झाली, की व्हिना स्वतःच इशारा देतं.

इथली सगळ्यात पसरलेली चूक जुन्या ऑटोडॉक टूल्समधून येते. त्यात पेटीचा आकार बिंदूंत असतो आणि दोन बिंदूंमधलं अंतर ०.३७५ अँगस्ट्रॉम. तिथले ६० बिंदू म्हणजे प्रत्यक्षात २२.५ अँगस्ट्रॉम. व्हिनाच्या फाइलीत तोच ६० आकडा टाकला की ६० अँगस्ट्रॉमची पेटी होते. तेवढ्यात पूर्ण प्रोटीन मावतं आणि रेणू पाठीमागच्या खोबणीत जाऊन बसतो.

चालवणं

सेटिंगच्या फाइलीत रिसेप्टर (प्रोटीन) आणि लिगंडच्या (रेणूच्या) फाइलींची नावं, केंद्राचे तीन आकडे, बाजूंचे तीन आकडे, एक्झॉस्टिव्हनेस आणि सीड, एवढंच लिहायचं. एक्झॉस्टिव्हनेस म्हणजे शोध किती कसून घ्यायचा तो आकडा, तो आपोआप ८ असतो. इतक्या लवचीक रेणूला तो ३२ करा. सीड म्हणजे शोध कुठून सुरू करायचा तो आकडा. तो स्वतः ठरवून वहीत लिहा, नाहीतर उद्या तोच निकाल परत काढता येणार नाही. वेगवेगळ्या पाच सीडने पाच वेळा चालवा. पाचही वेळा सगळ्यात वरची मांडणी (रेणूची बसण्याची जागा आणि आकार) एकच आली तर शोध पुरेसा झाला. प्रत्येक वेळी वेगळीच आली तर एक्झॉस्टिव्हनेस वाढवा.

एका रेणूचं काम चहा होईस्तोवर उरकतं. मोठी यादी लावणार असाल तर लॅपटॉपचं झोपी जाणं बंद करा आणि गुरुवारची आठवण ठेवा. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जायची ती बहुधा गुरुवारीच. स्क्रिप्ट अशी लिहा की ज्या रेणूची निकालाची फाइल आधीच आहे तो वगळून पुढचा घेईल.

पहिली परीक्षा: माहीत असलेलं उत्तर परत मिळतं का

नवीन रेणूला हात लावण्याआधी हे करायचंच. इंडिनाव्हिर त्याच्याच प्रोटीनमध्ये डॉक करा आणि स्फटिकातल्या जागेपासून ते किती सरकलं ते मोजा. सुरुवातीचा रेणू स्माइल्सपासून नव्याने तयार केलेला हवा. स्फटिकातलाच आकार उचलून दिलात तर बंधांची लांबी आणि कड्यांचे आकार आयते बरोबर मिळतात आणि परीक्षा सोपी होते. सरासरी अंतर, म्हणजे आरएमएसडी, २ अँगस्ट्रॉमच्या आत आलं तर पास असा रिवाज आहे.

हे मोजताना तीन ठिकाणी फसगत होते.

पहिली: व्हिना निकालाच्या तक्त्यात स्वतःच आरएमएसडीचे दोन रकाने छापतं. ते अंतर त्याच्याच पहिल्या मांडणीपासूनचं असतं, स्फटिकापासूनचं नाही. पहिल्या ओळीत ते कायम शून्य असतं. "आरएमएसडी शून्य आला, पद्धत प्रमाणित झाली" असं लिहिलेले प्रोजेक्ट खरोखर असतात.

दुसरी: पायमॉलची अलाइन आज्ञा. ती आधी एक रेणू उचलून दुसऱ्यावर बसवते आणि मग अंतर सांगते. आपल्याला नेमकं किती सरकला हेच हवं आहे, आणि ते सरकणंच तिने पुसलेलं असतं. न हलवता मोजणारी आरएमएस-कर ही आज्ञा वापरा, किंवा ओपन बॅबलचं आरएमएसडी काढणारं साधन घ्या. ते साधन फिनाइल कड्यासारख्या सममित भागांचाही हिशेब ठेवतं. कडं अर्ध्या फेरीने फिरलं तर रासायनिकदृष्ट्या काहीच बदलत नाही, पण अणूंच्या क्रमांकांवरून मोजणाऱ्याला ते चुकलेलं वाटतं.

तिसरी खास याच प्रोटीनची आहे. दोन साखळ्या सारख्याच असल्यामुळे खळगा अर्ध्या फेरीने फिरवला तरी जवळजवळ तसाच दिसतो. त्यामुळे रेणू शेंडीकडून पायाकडे उलटा बसला तरी ती मांडणी चूक नसते, आणि तरी आरएमएसडी भलामोठा येतो. नापास म्हणण्याआधी प्रोटीन आणि डॉक झालेला रेणू यांची एक प्रत करा, तिची ए साखळी मूळच्या बी साखळीवर आणि बी साखळी ए वर बसवा, आणि रेणूचं अंतर पुन्हा मोजा.

तरीही जमलं नाही तर क्रमाने मागे जा: पेटीचं केंद्र, ॲस्पार्टेटचा प्रोटॉन, ३०८ नंबरचं पाणी, रेणूची कायरल केंद्रं. एका वेळी एकच गोष्ट बदला.

आकडा कसा वाचावा

व्हिनाचा आकडा किलोकॅलरी प्रति मोलमध्ये असतो, आणि तो जितका जास्त उणे तितकी पकड घट्ट. खोलीच्या तापमानाला बंधनात १० पट फरक पडणं म्हणजे सुमारे १.३६ किलोकॅलरी. व्हिना तयार करणाऱ्यांनी २०१० च्या आपल्या शोधनिबंधात प्रमाण त्रुटी दिली आहे ती २.८५ किलोकॅलरी, म्हणजे बंधनात सव्वाशे पटीचा गोंधळ. उणे ९.२ आणि उणे ८.९ यांच्या फरकावरून "आमचा रेणू प्रमाण औषधापेक्षा सरस" म्हणणं हे मार्केट यार्डातल्या पोत्यांच्या काट्यावर केशर तोलण्यासारखं आहे.

शिवाय रेणू जितका मोठा तितका आकडा चांगला दिसतो, कारण जास्त अणू म्हणजे जास्त स्पर्श. वेगवेगळ्या आकारांच्या रेणूंची तुलना करताना हायड्रोजनखेरीज इतर अणूंच्या संख्येने आकडा भागून तोही रकाना शेजारी ठेवा.

दुसरी परीक्षा: फसवे रेणू

एक रेणू जागेवर बसला यावरून पद्धत चांगले-वाईट रेणू वेगळे करू शकते असं सिद्ध होत नाही. त्यासाठी केंबलमधून त्याच प्रोटीनचे प्रयोगाने सिद्ध झालेले २० रोधक घ्या. एकाच रासायनिक घराण्यातले नकोत. त्यांच्यात १,००० फसवे रेणू मिसळा. हे फसवे वजन, लॉग-पी (रेणू किती तेलकट आहे त्याचं माप), भार आणि फिरणाऱ्या बंधांच्या संख्येत खऱ्यांसारखे, पण रचनेत वेगळे असावेत. डीयूडी-ई या २०१२ च्या संचात १०२ प्रोटीनांसाठी असे रेणू तयार मिळतात, एका खऱ्यामागे साधारण ५० फसवे, आणि एचआयव्ही प्रोटिएज त्यात आहे.

सगळे १,०२० डॉक करून आकड्यानुसार लावा. एका रेणूला एक मिनिट धरलं तर १७ तास. वरच्या ५ टक्क्यांत, म्हणजे पहिल्या ५१ मध्ये, खरे किती आले? चिठ्ठ्या उचलल्या असत्या तर एक आला असता. पाच-सहा आले तर पद्धत कामाची आहे. एक-दोनच आले तर पुढची यादी चालवून उपयोग नाही. आधी प्रोटीनची तयारी बदला, किंवा त्याच एन्झाइमची दुसरी रचना घ्या.

फसवे रेणू वजनाने हलके निवडले तर निकाल झकास येतो आणि तो खोटा असतो. मोठ्या रेणूला जास्त गुण मिळणारच होते.

हळद, तुळस, अश्वगंधा

आपल्याकडे प्रोजेक्टचा विषय बऱ्याचदा घरातल्या वनस्पतीपासून सुरू होतो. त्यात गैर काही नाही. पण करक्युमिनच्या बाबतीत सावध राहा. लिपिन्स्कीच्या १९९७ च्या चारही नियमांत तो बसतो: वजन ५०० च्या आत (त्याचं ३६८), लॉग-पी ५ च्या आत, हायड्रोजन देणारे गट ५ पर्यंत, घेणारे १० पर्यंत. उलट इंडिनाव्हिरचं वजन ६१३ च्या पुढे, ते पहिल्याच नियमात नापास, आणि तरीही ते तोंडाने घ्यायचं औषध झालं. नियमांकडे चाळणी म्हणून बघा, निकाल म्हणून नको.

करक्युमिनची अडचण निराळीच आहे. चाचणीत खोटा होकार देणाऱ्या रेणूंना पेन्स म्हणतात आणि करक्युमिन त्यातलं ठळक नाव आहे. तो प्रोटीनशी रासायनिक प्रक्रिया करतो, स्वतः चमकतो आणि चमक मोजणाऱ्या चाचणीला चकवतो. ७.२ पीएचच्या बफरमध्ये ३७ अंशांना अर्ध्या तासात त्याचा ९० टक्के भाग विघटित होतो. डॉकिंगला यातलं काहीच दिसत नाही. त्यातून पुस्तकात तो डायकीटो रूपात काढलेला असतो, द्रावणात मात्र तो मुख्यतः इनॉल रूपात असतो, आणि कोणतं रूप दिलं त्यावर आकडा बदलतो. आरडीकिटमध्ये पेन्सची चाळणी तयार आहे. यादी डॉकिंगला लावण्याआधी तिच्यातून काढा, नंतर नाही. हातात असलेला सुंदर आकडा टाकून द्यायला कुणाचंच मन होत नाही.

यादी आल्यावर

वरचे ५० रेणू पायमॉलमध्ये एकेक करून डोळ्यांनी पाहा. प्रोटिएजमध्ये पहिला प्रश्न असा: दोन ॲस्पार्टेटना काही बंध आहे का? मग रेणूचा एखादा भारित गट तेलकट कोपऱ्यात जोडीदाराविना अडकलाय का, आणि अर्धा रेणू बाहेर पाण्यात लोंबकळतोय का ते पाहा. अशा कारणांनी निम्मे गळले तरी वाईट वाटू देऊ नका.

यापुढे ग्रोमॅक्स या सॉफ्टवेअरवर मॉलिक्युलर डायनॅमिक्स करतात. त्याला ग्राफिक्स कार्ड किंवा क्लस्टर लागतं. सीडॅक, आयसर आणि एनसीएल या तिन्ही संशोधन संस्था पाषाणच्या परिसरात आहेत आणि आयसरमध्ये परम ब्रह्म हा महासंगणक आहे. पण तिथे वेळ मिळवायचा तर गाईडमार्फत रीतसर अर्ज करावा लागतो, आणि वरच्या दोन परीक्षांचे निकाल जोडले तर बोलणं सोपं जातं. १०० नॅनोसेकंदांत आरएमएसडीचा आलेख सपाट राहिला म्हणजे रेणू बांधला गेला असं मात्र समजू नका. घट्ट खळग्यात कोंबलेला चुकीचा रेणूही तेवढा वेळ आरामात बसून राहतो.

प्रोटीनची प्रायोगिक रचनाच नसेल तर संगणकाने अंदाजलेल्या रचनांचा अल्फाफोल्ड डेटाबेस आहे. त्यातल्या रचनेत औषध नसतं, खळगा बऱ्याचदा अर्धवट मिटलेला असतो, आणि आयन किंवा को-फॅक्टरही नसतात. पहिला प्रोजेक्ट त्यावर करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रयोगशाळेकडे जाताना

ज्या सरांच्या किंवा मॅडमच्या प्रयोगशाळेत चाचणी करायची त्यांना यादी पक्की होण्याआधीच भेटा. प्रोटिएजच्या चाचणीला विषाणू लागत नाही. शुद्ध एन्झाइम, तुटल्यावर चमकणारा पेप्टाइड आणि प्लेट रीडर एवढ्यावर ती होते. विकत मिळतील आणि विरघळतील असे दहा-बारा रेणू द्या. त्यात निदान दोन असे असावेत ज्यांना डॉकिंगने नापास केलं आहे, म्हणजे तुलना होईल. शुद्धता ९५ टक्के किंवा अधिक. डीएमएसओ (रेणू विरघळवायचं द्रावक) अंतिम मिश्रणात १ टक्क्याच्या आत. इंडिनाव्हिर प्रमाण म्हणून प्रत्येक प्लेटवर. एखादा रेणू चालला असं दिसलं तर तीच चाचणी ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० (साबणासारखं द्रव्य) घालून पुन्हा करायला सांगा. परिणाम नाहीसा झाला तर रेणूंच्या गुठळ्यांनी एन्झाइम ओढून घेतलं होतं, खळग्यात कुणी बसलंच नव्हतं.

सोबत एका फोल्डरमध्ये मूळ रचनेची फाइल, साफ केलेलं प्रोटीन, ठेवलेल्या पाण्याचे क्रमांक, प्रोटॉनबद्दल घेतलेले निर्णय, सेटिंगची फाइल, सीड, सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या आणि दोन्ही परीक्षांचे तक्ते द्या. पुढच्या वर्षीच्या बॅचला हेच फोल्डर लागेल, तेव्हा त्याची एक प्रत गाईडकडेही ठेवा.